वरच्या मजल्यांची शिरगणती

आमच्या घराला विजेची दोन मीटरं आहेत. खालचं बाबांच्या नावाचं, वरचं दादाच्या.

दादा पुण्यात नोकरीला लागला त्याच वर्षी बाबांनी वरचा मजला चढवला. हॉल, दोन खोल्या, वेगळं स्वयंपाकघर. जिना बाहेरून काढला, कारण आईचं म्हणणं होतं की उद्या सून येईल, तिला जाता-येता आमच्या तोंडासमोरून जायची सक्ती नको. रंगकाम व्हायच्या आधी मीटर आलं. आमच्या कॉलनीत हे असंच चालतं. मुलगा बाहेरगावी गेला की त्याच्यासाठी मजला, आणि मजला झाला की त्याच्या नावाचं मीटर. ‘एकदा नाव लागलं म्हणजे माणूस बांधला गेला,’ असं बाबा म्हणतात. त्यांची सगळी नोकरी भुसावळला रेल्वेत गेली. जळगावहून रोज अप-डाऊन केलं, पण घर सोडून राहिले नाहीत. दादाही असाच कधीतरी परत येईल, हे त्यांनी धरून ठेवलं होतं.

मी शहरांची लोकसंख्या पुढे किती वाढेल याचा अंदाज बांधायचं काम करते. माझ्या लग्नाच्या बोलण्यांत हे सांगायची वेळ आली की आई ‘कंप्युटरवर असते’ एवढंच सांगते, आणि मला ते बरं वाटतं. मला फार बोलता येत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात मराठी; चारचौघांत मोठ्याने मराठी बोलायचं म्हटलं की आधी सगळं वाक्य मनात जुळवून घ्यावं लागतं. ते जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. इंग्रजीतही तसंच होतं, पण इंग्रजीत गप्प बसलेल्या मुलीला लोक हुशार समजतात.

आमचं ऑफिस छोटं आहे. मुख्य ऑफिस पुण्याला, इथे आम्ही चौघं. लहान शहरांच्या पाणीयोजनांसाठी आम्ही अहवाल करतो. पंधरा-वीस वर्षांनी कुठल्या भागात किती माणसं असतील, हे आधी ठरवायचं. मग त्यावरून टाकी कुठे, किती मोठी, नळाची लाइन किती जाडीची, ते इंजिनियर ठरवतात. धुळ्याचं काम आम्ही आधीच पूर्ण केलं होतं. त्यानंतर जळगावचं आलं.

या टप्प्यात पाण्याची एकच नवी टाकी होणार होती. ती दोनपैकी एका ठिकाणी. एक जागा आमच्या कॉलनीजवळ, नशिराबादकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला. दुसरी एमआयडीसीच्या मागच्या वस्तीत. आमची कॉलनी लाइनच्या अगदी शेपटाला आहे. उन्हाळ्यात नळ नुसता सुस्कारे टाकतो आणि सगळे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. बाबा कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष. निवृत्त झाल्यापासून या एका टाकीसाठी त्यांनी इतके अर्ज-विनंत्या केल्या होत्या की साहेब लोक त्यांना लांबूनच ओळखायचे. अहवाल आमच्या ऑफिसकडे आला हे कळलं तेव्हा ते कितीतरी वेळ नुसते हसत होते. मला काही म्हणाले मात्र नाहीत. आईला म्हणाले, ‘‘देव असतो बरं.’’

अहवाल आमच्या बाजूने चालला होताच. आमच्या सरांची पद्धत सोपी होती. कुठल्या भागात विजेची मीटरं किती वाढली ते पाहायचं, एका मीटरमागे एक कुटुंब धरायचं आणि वाढीची रेघ पुढे ओढायची. आमच्या कॉलनीची रेघ गच्चीवर चढणाऱ्या जिन्यासारखी सरळ वर जात होती.

सर पुण्याहून सकाळच्या गाडीने येत आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. त्या रेघेवर बोट फिरवून ते म्हणाले, ‘‘बघ, सगळीकडे हेच चाललंय. मोठ्या शहरात घर परवडत नाही. लॅपटॉप उचलायचा आणि गावी यायचं. तुमचं जळगाव काही वर्षांत ओळखू येणार नाही.’’

‘‘तुम्ही याल का सर?’’ आमच्यातला एक जण म्हणाला.

‘‘मी?’’ सर हसले. ‘‘अरे, मुलांची शाळा आहे ना तिकडे.’’

मीही हसले. तोवर मला काही खटकलं नव्हतं.

खटकलं ते धुळ्यात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आई बिबड्या करायला मामाकडे जाते, यंदा मीही गेले. बिबड्या म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. त्या साधारणपणे गच्चीवर कापडावर घालतात, पण मामीने वरच्या मजल्याचं दार उघडलं.

‘‘ये वं माय, वर ये,’’ ती मला म्हणाली. ‘‘पाय जपी ठेव पण, बिबड्या टाकेल शेतस.’’

हॉलच्या नव्या कोऱ्या फरशीवर साड्या अंथरलेल्या होत्या आणि साड्यांवर ओळीने बिबड्या. खिडक्या उघड्या, पंखा फुल.

‘‘अगं वहिनी, हॉलमध्ये?’’ आई म्हणाली.

‘‘मंग काय करू? पोरगा तं येस नही. बिबड्या तरी राहतीन.’’

जिन्यातून मामा ओरडला, ‘‘येई वं, आवंदा येई!’’ आवंदा म्हणजे यंदा.

‘‘हे आवंदा मी मनं लगीन व्हयनं तवयपासून ऐकी ऱ्हायनू,’’ मामी म्हणाली आणि आम्ही तिघी हसलो.

हसता हसता माझं लक्ष दाराशेजारच्या मीटरकडे गेलं. मामेभाऊ हैदराबादला असतो. मीटर त्याच्या नावाचं. धुळ्याच्या अहवालात मी हे मीटर एक कुटुंब म्हणून धरलं होतं. त्या कुटुंबाला रोज लागणारं पाणीही धरलं होतं, त्यांच्या होणाऱ्या मुलांचंसुद्धा.

परत येताना बसमध्ये आई झोपली. मी पारोळा, एरंडोल करत खिडकीबाहेर बघत राहिले. रस्त्याच्या कडेला नवी घरं दिसली की पहिल्यांदा माझी नजर वरच्या मजल्याकडे जायची.

घरी आल्यावर संध्याकाळी गच्चीवर गेले. दिवेलागणीची वेळ होती. आमच्या गल्लीत खालच्या मजल्यांवर देवापुढे दिवे लागले, टीव्ही सुरू झाले, कुकरच्या शिट्ट्या झाल्या. वरचे मजले मात्र एकामागून एक अंधारातच राहिले. एवढी वर्षं मी या गच्चीवर अभ्यास केला, तरी हे माझ्या डोळ्यांत भरलं नव्हतं. कसं भरणार? प्रत्येक घरात वर कोणीतरी आहे असंच आम्ही बोलत होतो. ‘वरती दादाचं आहे.’ ‘वरती आमच्या बबलूचं.’ बोलण्यात कॉलनी भरलेलीच होती.

दुसऱ्या जागेचे फोटो काढायला मला एमआयडीसीच्या मागे पाठवलं. तिथे चटईच्या कारखान्यांत आणि डाळमिलमध्ये काम करणारी माणसं राहतात. काही जुनी मुसलमान घरं, गाद्या भरणारे, वेल्डिंगवाले, आणि त्यांच्याकडे भाड्याने राहणारे यावल-रावेरकडचे मजूर. गल्ली अरुंद, पण एकही दार बंद नव्हतं. फोटोसाठी मला सारखं कोणीतरी बाजूला सरकायची वाट बघावी लागत होती.

एक मध्यमवयीन बाई ओट्यावर गादीला टाके घालत होती. मी मीटर शोधतेय हे पाहून म्हणाली, ‘‘बेटा, काय हरवलं?’’

मी विचारलं, इथे मीटर किती आहेत.

‘‘एक. आमच्याच नावाचं. आतल्या खोल्यांना त्याच्यावरूनच वायर दिलेली आहे.’’

‘‘आणि खोल्या?’’

तिने सुईनेच आत दाखवलं. बोळात दोन्ही बाजूंना दारं होती. प्रत्येक दारासमोर चपलांचा ढीग.

‘‘फ्यूज एकाचा उडतो, शिव्या सगळ्यांना पडतात,’’ ती म्हणाली, आणि बोळातून एक बाई ओरडली, ‘‘खाला, उडवता तर तुम्हीच!’’

माझ्या अहवालात हा सगळा बोळ म्हणजे एक कुटुंब होता.

शहरात येणारी माणसं इथे येत होती. घर परवडतं म्हणून येत होती, पण लॅपटॉप घेऊन नव्हे. आणि सरांच्या रेघेत ती कुठेच नव्हती.

मी सरांना फोनवर सांगितलं. सांगायला बराच वेळ लागला. ते शेवटपर्यंत ऐकून घेतात, हा त्यांचा चांगुलपणा आहे.

‘‘एक-दोन गल्ल्या बघून पद्धत बदलता येत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘आणि इथे बदलली तर धुळ्याचं काय?’’

‘‘धुळ्यातही असंच आहे, सर.’’

धुळ्याचा विषय सोडून ते टाकीच्या जागेसाठी पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी बोलावलेल्या बैठकीकडे वळले. ‘‘मी त्या दिवशी येऊ शकत नाही. बैठकीत मांडणी तूच करणार आहेस. रेघ दाखव, किंवा तुला जे दिसलं ते सांग. पण एक लक्षात घे, तुझ्याच कॉलनीची माणसं समोर बसलेली असतील.’’

हे मला माहीत होतं. बैठकीला दोन्ही भागांतल्या लोकांना बोलावलेलं होतं आणि आमच्या बाजूने बोलायला बाबाच जाणार होते.

दादाशीही मी होळीच्या सुमारास बोलले होते, ते आता राहून राहून आठवत होतं. त्याने पुण्यात फ्लॅट घेतला होता. ‘‘बाबांना तू नको सांगू,’’ तो म्हणाला होता. ‘‘मी आलो की नीट सांगतो.’’ त्यानंतर तो आला नव्हता. म्हणजे आमच्या वरच्या मजल्याचं भविष्य मला आधीच ठाऊक होतं. तिथे अंदाज बांधायला काही उरलंच नव्हतं.

बैठकीच्या आदल्या दिवशी रविवार होता. रविवारी बाबा वरचा मजला उघडतात. केर काढतात, सगळे नळ एकदा सोडून बघतात, प्रत्येक खोलीतला पंखा थोडा वेळ फिरवतात. न फिरवला तर मोटर जाम होते, असं त्यांचं म्हणणं. मी वर गेले तेव्हा ते हॉलमध्ये पंख्याखाली खुर्ची टाकून उद्याचं भाषण पुटपुटत होते.

‘‘ये. ऐक कसं वाटतं,’’ ते म्हणाले. ‘‘आणि तू काय, उद्या खरंच बोलणार? पाहुणे आले तर आत पळतेस तू.’’

‘‘बाबा, उद्या मी सांगणार आहे की वरचे मजले रिकामे आहेत.’’

‘‘कोणाचे?’’

‘‘सगळ्यांचेच. मीटर आहेत, माणसं नाहीत. माणसं तिकडे आहेत, एमआयडीसीच्या मागे.’’

ते माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

‘‘मग टाकी तिकडे जाईल,’’ ते म्हणाले.

‘‘बहुतेक.’’

‘‘आपला मजला रिकामा नाहीये.’’ त्यांचा आवाज अगदी हळू होता. ‘‘आपण तो ठेवलेला आहे. रिकामा असणं वेगळं.’’

 फ्लॅटचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. ते उठले, पंखा बंद केला आणि पाती थांबेपर्यंत बटणाजवळच उभे राहिले. त्या रात्री जेवताना आमच्यात मीठ-भाकरीपलीकडे बोलणं झालं नाही. आई आळीपाळीने दोघांच्या ताटाकडे बघत होती.

बैठकीला हॉल भरलेला होता. एका बाजूला आमच्या कॉलनीतले काका-काकू, इस्त्रीच्या कपड्यांत. दुसऱ्या बाजूला वस्तीतली माणसं. काही जण कामावरूनच आले होते, कपड्यांना डाळीचा भुसा होता. पाणीपुरवठ्याचे साहेब मध्ये. माझं नाव पुकारलं तेव्हा मी मनात जुळवून ठेवलेलं पहिलं वाक्यच विसरले. मग जे सुचलं ते बोलले. रेघ दाखवली, आणि ही रेघ चूक का आहे तेही सांगितलं. आमच्याकडे मुलाच्या नावाने मीटर घ्यायची पद्धत आहे, म्हणून इकडे घरं जास्त दिसतात. तिकडे एका मीटरवर बोळ चालतो, म्हणून माणसं कमी दिसतात. घरोघर जाऊन मोजल्याशिवाय टाकीची जागा ठरवू नये.

आमच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. समितीचे सचिव, म्हणजे आमच्या शेजारचे काका, उभे राहिले. मला त्यांनी लहानपणी सायकल शिकवलेली आहे.

‘‘ताई, तुम्ही राहता कुठे, हे साहेबांना सांगा की.’’

‘‘तुमच्या शेजारी, काका.’’

कोणीतरी हसलं. काका हसले नाहीत.

‘‘मग तुमच्या घराला मीटर किती?’’

‘‘दोन.’’

‘‘आणि माणसं?’’

मला कळलं की ते मला अडकवत नव्हते, माघार घ्यायची वाट देत होते. त्यांना वाटत होतं, बापासमोर ही मुलगी ‘तीन’ म्हणणार नाही.

‘‘तीन,’’ मी म्हणाले.

काका वळले. ‘‘भाऊ, आता तुम्हीच बोला. हे तुमच्याच घरातून निघालंय.’’

बाबा उठले. भाषणाचा कागद त्यांच्या हातात होता. साहेबांनी पेन खाली ठेवलं. बाबांनी कागदाकडे पाहिलं, मग समोरच्या बाजूला बसलेल्या माणसांकडे पाहिलं. माझ्याकडे नाही.

‘‘साहेब, घरं मोजायला माणसं पाठवा,’’ ते म्हणाले. ‘‘आमचं आणखी काही म्हणणं नाही.’’

आणि ते बसले. बैठक संपल्यावर ते काकांबरोबर न थांबता एकटेच रिक्षाने घरी गेले.

मोजणीवाला तरुण आमच्या गल्लीत आला तेव्हा आई भाजी आणायला गेली होती. त्याने दारातच सगळं विचारून घेतलं. खाली किती जण? तीन. वर?

‘‘वर माझा मुलगा,’’ बाबा म्हणाले.

‘‘इथे राहतात?’’

‘‘पुण्याला असतो. येणार आहे.’’

‘‘कधी? म्हणजे येत्या वर्षभरात का? तसं विचारायचं आहे मला.’’

बाबांनी खिशात हात घातला. मला वाटलं चष्म्यासाठी हात गेला असेल. पण त्यांनी मोबाइल काढून दादाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

‘‘अरे, मोजणीवाले आलेत. तू इकडे राहायला कधी येणार, ते विचारताहेत. काय सांगू?’’

पलीकडे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

‘‘बाबा, मी जरा गाडीवर आहे…’’

‘‘एक शब्द सांग फक्त.’’

‘‘बाबा, छोटीने तुम्हाला फ्लॅटचं काही सांगितलं नाही का?’’

मोजणीवाला तरुण आपल्या चपलांकडे बघू लागला. बाबांनी फोन बंद केला नाही. दादाच पलीकडून ‘‘हॅलो, हॅलो’’ करत राहिला आणि शेवटी त्यानेच ठेवला.

‘‘वर कोणी नाही,’’ बाबा त्या तरुणाला म्हणाले. ‘‘पुढेही नाही. तीन लिहा.’’ मग त्याला पाणी विचारलं. तो नको म्हणाला, तरी स्वतः आत जाऊन तांब्या-भांडं घेऊन आले.

टाकी एमआयडीसीच्या मागे मंजूर झाली. धुळ्याच्या अहवालाचं काय करायचं यावर सर अजून विचार करताहेत. कॉलनीत मला कोणी वाईट बोललं नाही, पण मी ऑफिसला निघाले की गेटवर चाललेलं बोलणं थांबायचं. बाबांनी समितीचं अध्यक्षपद सोडलं. ‘तब्येतीमुळे’ असं सांगितलं. माझ्याशी ते कामापुरतं बोलत होते, आणि ज्या प्रश्नाची मी रोज वाट बघत होते तो विचारत नव्हते. तो प्रश्न येऊन गेला असता तर बरं, असं मला वाटायचं, आणि संध्याकाळी त्यांची पावलं वाजली की वाटायचं, आज नको.

तो प्रश्न परवा आला. टँकरजवळ. सगळी गल्ली पिंपं, बादल्या घेऊन उभी होती. टँकरची नळी पुढे ओढताना शेजारचे काका म्हणाले, ‘‘काय भाऊ, पोरीला एवढं इंग्रजीत शिकवलं, आणि पाणी पाठवलं तिने परगावच्यांना.’’

दोघं-चौघं हसले. बाबांनी त्यांच्या हातातून नळी घेतली. ‘‘तुमचं पिंप भरलं, वाहून चाललंय,’’ म्हणाले, आणि ती आमच्या बादलीत सोडली. मी बादली धरून खाली बसले होते. पाण्याच्या आवाजात त्यांनी वाकून, फक्त मला ऐकू जाईल असं विचारलं, ‘‘तुला कधीपासून माहीत होतं?’’

‘‘होळीपासून.’’

त्यांनी मान हलवली. बादली भरली, मी दुसरी सरकवली.

‘‘आईला?’’

‘‘नाही सांगितलं.’’

‘‘मग आता तू नको सांगू. मी बघतो.’’

दादाही असंच म्हणाला होता. मी मान खाली घातली. दोन्ही बादल्या उचलून आम्ही पायऱ्या चढलो. आई दारात पिंपाच्या तोंडाला गाळायचं फडकं धरून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

‘‘एवढं काय कानात बोलत होतात दोघं?’’

‘‘पाण्याचंच,’’ बाबा म्हणाले.

आईने फडकं ताणून धरलं. मी पाणी ओतलं, पण ती पाण्याकडे बघत नव्हती.